लकव्यानंतर आखडलेला हात: ऑपरेशन कोणतं, कधी आणि कशासाठी

अंगावरून वारं गेलेला माणूस काठीच्या आधाराने का होईना, बहुतेक वेळा चालू लागतो. हात मात्र मागे राहतो. कोपर दुमडलेलं, तळवा जमिनीकडे वळलेला, मनगट खाली पडलेलं आणि अंगठा आत घेऊन मूठ आवळलेली. सेरेब्रल पाल्सी (जन्माच्या आसपास मेंदूला झालेली इजा) असलेल्या मुलाच्या, अपघातात मेंदूला मार लागलेल्या तरुणाच्या हाताचीही हीच ठेवण असते. स्नायूला आवर घालणारे मेंदूचे संदेश नीट पोहोचत नाहीत, म्हणून स्नायू गरज नसतानाही ओढत राहतो. डॉक्टर याला स्पॅस्टिसिटी म्हणतात.

या हातासाठी ऑपरेशनं आहेत, आणि योग्य माणसावर योग्य ऑपरेशन झालं तर त्याचा उपयोगही होतो. पण 'हाताचं ऑपरेशन' म्हणून एक ठरलेलं ऑपरेशन नाही. कुणाची मज्जातंतूची फांदी बारीक केली जाते, कुणाची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) लांबवली जाते, कुणाची कंडरा दुसरीकडे जोडली जाते, तर कुणाचं मनगट पक्कं केलं जातं. मेंदूतली इजा यातल्या कशानेच भरून येत नाही. जास्त ओढणारा स्नायू ढिला करायचा आणि मागे पडलेल्याला जोर द्यायचा, एवढंच सर्जनच्या हातात असतं. हे डोक्यात पक्कं ठेवून पुढचं वाचा.

## १. हात ओढतोय की आखूड झालाय, हे आधी पाहा

सगळा निर्णय इथूनच फुटतो. ओढणारा स्नायू आणि आखूड झालेला स्नायू बाहेरून सारखेच दिसतात, पण उपाय वेगळे आहेत.

माणसाला शांत बसवा किंवा निजवा. खोली गार नको. आधी कोपर झटकन सरळ करून पाहा, पण जोर लावू नका; फक्त कुठे अडकतं ते बघा. मग तेच कोपर अगदी सावकाश, आठ-दहा सेकंद घेऊन सरळ करा. झटक्यात मध्येच अडकलं आणि सावकाश केल्यावर पुढे गेलं, तर दोषात स्पॅस्टिसिटीचा वाटा मोठा आहे. सावकाश करूनही त्याच जागी थटलं, तर स्नायू, सांध्याचं आवरण किंवा हाड यांतलं काहीतरी आखडलं आहे. त्याला काँट्रॅक्चर म्हणतात. बहुतेक जुन्या हातांत दोन्ही असतं, आणि कोणाचा वाटा किती हाच खरा प्रश्न असतो.

बोटांसाठी चाचणी थोडी वेगळी आहे. मनगट पूर्ण खाली वाकवा. आता बोटं सरळ होतात का? होत असतील तर ती सरळच धरून मनगट हळूहळू वर आणा. कुठल्यातरी कोनात बोटं पुन्हा मिटायला लागतील. तो कोन मोबाइलवर बाजूने फोटो काढून नोंदवून ठेवा. मनगट सरळ रेषेत येईपर्यंत बोटं उघडी राहत असतील तर हात हलका बिघडलेला आहे. बरंच खाली वाकवल्यावरच उघडत असतील तर मध्यम. मनगट पूर्ण वाकवूनही उघडत नसतील तर बोटांच्या कंडरा आखूड झाल्या आहेत. सर्जन रुग्णाला स्वतःच्या जोरावर बोटं उघडायला लावून असंच पाहतात आणि त्यावरून, झँकोली वर्गीकरण वापरून, हाताचे गट पाडतात.

मिटलेली मूठ बोटांच्या टोकांना धरून कधीच उकलू नका. घरोघरी हीच चूक होते, आणि तिने बोटांचे मधले सांधे ढिले होतात. आधी मनगट खाली वाकवा, मग बोटं मुळापासून उघडा, अंगठा सर्वांत शेवटी. नखं कापताना, तळवा धुताना हाच क्रम ठेवा.

आणखी एक. बरा चाललेला हात अचानक आठवड्याभरात जास्त आवळायला लागला, तर ऑपरेशनचा विचार नंतर. आधी लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, अंगात रुतलेलं नख, पाठीवरची जखम, दुखरा खांदा हे तपासा. शरीरात कुठेही दुखलं-खुपलं की स्पॅस्टिसिटी वाढते.

## २. हाताकडून काय हवंय ते एका वाक्यात लिहा

"हात पहिल्यासारखा व्हावा" हे उद्दिष्ट घेऊन सर्जनकडे गेलात तर परत येताना निराशा ठरलेली. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे हात सांभाळणं सोपं व्हावं. तळव्यात घाम साचून वास येतो, नख रुततं, सदऱ्याची बाही चढत नाही, कोपराच्या खोबणीत कातडी सोलते, चालताना दुमडलेला हात तोल घालवतो. हात काम करणार नाही हे मान्य करून ही दुखणी कमी करायची. हे उद्दिष्ट बहुतेकांना गाठता येतं आणि त्याचं समाधान मोठं असतं.

दुसरी म्हणजे हाताने काही काम व्हावं. तेही बहुधा मदतनीस हाताचं: भाकरी थापणाऱ्या हाताशेजारी परात धरून ठेवणं, बाटली धरणं म्हणजे दुसऱ्या हाताने झाकण उघडता येईल, सायकलच्या दांड्यावर हात टेकवणं, पिशवी अडकवणं. यासाठी तीन गोष्टी हव्यात. बोटं थोडी तरी मर्जीने मिटता-उघडता आली पाहिजेत, हाताला स्पर्श कळला पाहिजे, आणि माणसाचं त्या हाताकडे लक्ष असलं पाहिजे. डोळे मिटून हातात नाणं, किल्ली, दोरी ठेवा. काय आहे ते ओळखता येत नसेल, तर ऑपरेशन कितीही सुबक झालं तरी माणूस तो हात वापरेलच असं नाही. लकव्यानंतर काही जण डाव्या बाजूचा हात जणू नाहीच असं वागतात. त्यांच्याबाबत तर कामाच्या उद्दिष्टापासून दूरच राहावं.

उद्दिष्ट कागदावर लिहा आणि सर्जनसमोर तो कागद ठेवा. घरच्यांचं आणि रुग्णाचं उद्दिष्ट एकच आहे का, हेही याच वेळी कळतं.

## ३. घाई नको, उशीरही नको

लकवा झाल्यावर नैसर्गिक सुधारणा मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत होते, काही प्रमाणात वर्षभर चालते. डोक्याला मार लागला असेल तर दीड वर्षापर्यंत बदल दिसू शकतो. म्हणून कंडरा आणि हाडांची ऑपरेशनं साधारणपणे लकव्यानंतर वर्षाच्या आसपास, आणि मेंदूच्या मारानंतर त्याहून थोडी उशिरा करतात. तोवर हात आखडू न देणं हे तुमचं काम.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलात कंडरा बदलण्याची ऑपरेशनं सहसा सहा-सात वर्षांनंतर करतात, कारण नंतरचा व्यायाम मुलाला समजून करता यावा लागतो. मनगट पक्कं करायचं असेल तर हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबतात. मुलाचा हात कधी ताठ, कधी ढिला, आपोआप वेडावाकडा वळत असेल, तर ते डिस्टोनिया किंवा अथेटोसिस असू शकतं. अशा हातात कंडरेचं ऑपरेशन बेभरवशाचं असतं. हात उलट बाजूला वळून बसतो. बालरोग मेंदूतज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ४. सुरीआधीचे उपाय खरोखर करून झालेत का?

गोळ्या म्हणजे बॅक्लोफेन, टिझानिडिन. अंगभर ढिलाई आणतात, झोप आणतात. एकट्या हातासाठी त्यांचा उपयोग मर्यादित. बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन ठरावीक स्नायूंत देतात. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत भरात येतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. या इंजेक्शनचा खरा फायदा त्या तीन महिन्यांत केलेल्या व्यायामाचा आणि स्प्लिंटचा (हात योग्य ठेवणीत धरणाऱ्या साच्याचा) असतो. इंजेक्शन घेऊन घरी बसलात तर पैसे वाया. टप्प्याटप्प्याने बदललेलं प्लास्टर कोपर-मनगटाच्या सुरुवातीच्या आखडण्यावर चांगलं चालतं.

गरम तेलाने चोळून हात खटकन 'मोकळा' करणारे लोक गावोगावी आहेत. ताठ कोपर जोराने ओढल्याने स्नायूच्या आत रक्तस्राव होतो आणि तिथे नवं हाड तयार होऊ शकतं. मग ऑपरेशन दुप्पट अवघड होतं. हलकं तेल लावायला हरकत नाही, हिसका नको.

## ५. नर्व्ह ब्लॉकची चाचणी मागून घ्या

ऑपरेशनचा विषय निघाला की हा प्रश्न विचारा: "आधी ब्लॉक देऊन बघणार का?" स्नायूला जाणाऱ्या मज्जातंतूजवळ भुलीचं औषध टोचतात. काही तास तो स्नायू ढिला पडतो. लिग्नोकेनने तास-दोन तास, ब्युपिव्हाकेनने जास्त वेळ मिळतो. सोनोग्राफीच्या मदतीने हे ओपीडीत होऊ शकतं.

त्या काही तासांत तीन गोष्टी कळतात. कोपर पूर्ण सरळ झालं, तर दोष स्पॅस्टिसिटीचा आणि मज्जातंतूवरचं ऑपरेशन पुरेल. ब्लॉकनंतरही अडकलं, तर आखडणं आहे आणि कंडरा लांबवावी लागेल. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची: वाकवणारे स्नायू शांत झाल्यावर उघडणाऱ्या स्नायूंत जीव आहे का ते दिसतं. काही जणांची बोटं ब्लॉकखाली पहिल्यांदाच मर्जीने उघडतात. ते पाहिल्यावर सर्जनची सगळी योजना बदलते. या वेळी व्हिडिओ काढा.

ब्लॉक न देता, पहिल्याच भेटीत पाच मिनिटांत ऑपरेशनची तारीख मिळाली, तर दुसरं मत घ्या.

## ६. ऑपरेशनचे प्रकार

मज्जातंतूच्या फांद्या कमी करणं. याला हायपरसिलेक्टिव्ह न्युरेक्टॉमी म्हणतात. मज्जातंतू स्नायूत शिरतो त्या तोंडाशीच त्याच्या बारीक फांद्या शोधून साधारण दोन-तृतीयांश कापतात, उरलेल्या ठेवतात. स्नायू जिवंत राहतो, ओढ कमी होते. स्नायूत शिरतानाच का, तर वरच्या अंगाला त्याच मज्जातंतूत स्पर्शाचे धागेही मिसळलेले असतात. ते दुखावले तर कायमची आग आणि मुंग्या मागे लागतात. कोपरासाठी ते दुमडणाऱ्या बायसेप्स-ब्रेकियालिस स्नायूंच्या, तळवा खाली वळवणाऱ्या आणि मनगट-बोटं वाकवणाऱ्या स्नायूंसाठी मीडियन व अल्नर मज्जातंतूंच्या फांद्या.

या ऑपरेशनात सर्जन विजेच्या सौम्य धक्क्याने कोणती फांदी कोणत्या स्नायूची ते ओळखतो. त्यामुळे भुलीच्या डॉक्टरांनी स्नायू पूर्ण ढिले करणारं, लांब चालणारं औषध द्यायचं नसतं, आणि आधीच हाताला ब्लॉकही द्यायचा नसतो. दोन्ही डॉक्टरांचं आधी बोलणं झालंय ना, एवढं विचारून घ्या. फायदा लगेच दिसतो, प्लास्टर बहुधा लागत नाही. मर्यादा दोन: आखडलेला स्नायू याने लांब होत नाही, आणि उरलेले धागे काही महिन्यांत थोडी ओढ परत आणू शकतात.

कंडरा लांबवणं. स्नायू आणि कंडरा जिथे एकमेकांत मिसळतात तिथे कंडरेवर आडवे छेद देऊन ती ताणू देतात. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची ढिलाई मिळते आणि पकडीचा जोर बराच टिकतो. जास्त लांबी हवी असेल तर झेडच्या आकारात कापून पुन्हा शिवतात. लांबवलेला स्नायू काही अंशी दुबळा होतोच. गरजेपेक्षा जास्त लांबवला तर मूठ वळेनाशी होते, आणि तो बिघाड दुरुस्त करणं मूळ दोषापेक्षा कठीण असतं. म्हणून काम करणाऱ्या हातात सर्जन थोडं कमीच लांबवतात. ऑपरेशननंतर "अजून थोडं वाकतंच" म्हणून रागावू नका.

कोपर वर्षानुवर्षं दुमडलेलं असेल तर ते टेबलावरच पूर्ण सरळ करत नाहीत. आतली रक्तवाहिनी आणि मज्जातंतू आखूड जागेत राहून सवयीचे झालेले असतात. एकदम ताणले तर बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. जेवढं सहज होईल तेवढं ऑपरेशनात, बाकीचं पुढच्या काही आठवड्यांत प्लास्टर बदलत. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या कोपराचा एक्स-रे आधी काढाच. सांध्याभोवती नवं हाड वाढलेलं असेल तर स्नायूवरचं ऑपरेशन एकटं निरुपयोगी.

कंडरा दुसरीकडे जोडणं. मनगट वर उचलता येत नसेल, तर ते खाली आणि करंगळीच्या बाजूला ओढणारा स्नायू सोडवून मनगट उचलणाऱ्या कंडरेला जोडतात. शत्रूच्या फौजेतला शिपाई आपल्या बाजूला वळवण्यासारखं आहे हे. ग्रीन ट्रान्सफर या नावाने ते १९४२ पासून ओळखलं जातं. सर्वांत मोठा सापळा इथेच आहे. मनगट सरळ धरल्यावर बोटं उघडत नसतील आणि तरी हे ऑपरेशन केलं, तर मनगट वर येतं आणि मूठ आणखी घट्ट आवळते. आधी होता तेवढाही उपयोग जातो. पहिल्या पायरीतला तो फोटो इथे कामी येतो. बोटं उघडण्याचाच जोर कमी असेल तर तीच कंडरा मनगटाऐवजी बोटं उघडणाऱ्या कंडरांना जोडतात.

काम न करणारी घट्ट मूठ. बोटं वाकवायला दोन थर असतात, वरचा आणि खोल. वरच्या थराच्या कंडरा टोकाकडून, खोल थराच्या स्नायूकडून कापतात आणि वरच्या थराचा स्नायूकडचा भाग खोल थराच्या बोटांकडच्या भागाला जोडतात. त्यामुळे बरीच लांबी मिळते, तळवा उघडतो, धुता येतो. पकड मात्र जवळपास जाते. म्हणून थोडंही काम करणाऱ्या हातात हे करत नाहीत. तळव्यातले छोटे स्नायू नंतर जोर धरू नयेत यासाठी अल्नर मज्जातंतूची त्यांना जाणारी फांदीही बऱ्याचदा त्याच वेळी कापतात.

अंगठा. तळव्यात शिरलेला अंगठा बाहेर काढायला आत ओढणारा स्नायू सोडवतात, अंगठ्याची लांब कंडरा लांबवतात, अंगठा-तर्जनीमधली कातडी आखडली असेल तर तिथे झेडच्या आकाराची रचना करून जागा वाढवतात. मूठ उघडली पण अंगठा आतच राहिला, असं अर्धवट ऑपरेशन टाळा. अंगठ्याची योजना काय, हे वेगळं विचारा.

मनगट पक्कं करणं. प्लेट आणि स्क्रू लावून मनगटाचा सांधा कायमचा सरळ गोठवतात. मनगटाच्या हाडांची पहिली ओळ काढली की हात किंचित आखूड होतो आणि आवळलेल्या कंडरांना आपोआप ढिलाई मिळते. हात दिसायला, बाही घालायला, धुवायला चांगला होतो. पण जी माणसं मनगट खाली पाडून बोटं उघडण्याची युक्ती वापरतात, त्यांची ती युक्ती जाते. त्यांना आधी काही आठवडे मनगटाचा ताठ स्प्लिंट लावून वागून पाहू द्या. त्याच्यासह काम जमलं तरच पुढे.

मानेतला मज्जातंतू बदलणं. चांगल्या बाजूचा सी-७ हा मानेतून हाताकडे जाणारा मज्जातंतू कापून लकवा झालेल्या बाजूच्या सी-७ ला जोडायचा. शांघायच्या हुआशान रुग्णालयातल्या सर्जननी ३६ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मेंदूच्या इजेमुळे सगळ्यांचा एक हात पाच वर्षांहून जास्त काळ लुळा होता. वर्षभरानंतर हाताची हालचाल मोजणाऱ्या ६६ गुणांच्या मोजपट्टीवर ऑपरेशन झालेल्यांची सरासरी वाढ १७.७, नुसत्या व्यायामवाल्यांची २.६. आकडे उत्साह वाढवणारे आहेत. पण चांगल्या हाताला काही काळ बधिरपणा आणि दुबळेपणा येतो, आणि ज्या घरात एकच हात चालतोय तिथे हा मोठा जुगार आहे. ज्यांनी हे ऑपरेशन पुष्कळदा केलंय त्यांच्याशिवाय कुणाकडे जाऊ नये.

पोटात बसवायच्या बॅक्लोफेन पंपाचंही नाव कानावर येईल. तो मुख्यतः पायांच्या, दोन्ही बाजूंच्या जोरदार स्पॅस्टिसिटीसाठी. दर काही महिन्यांनी मोठ्या केंद्रात जाऊन तो भरून घ्यावा लागतो, आणि चुकलं तर औषध अचानक तुटून जिवावर बेतू शकतं. नंदुरबारमधल्या अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला राहणाऱ्यांनी हे अंतर आधी मोजावं.

## ७. खान्देशातून कुठे जायचं, काय न्यायचं

सुरुवात जवळून करा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अस्थिरोग विभागात दाखवा, फिजिओकडून मोजमाप करून घ्या, एक्स-रे काढा. मूल असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून, अंगणवाडी-शाळेच्या तपासणी पथकामार्फत पुढची चिठ्ठी मिळते. १८ वर्षांपर्यंतची मुलं यात बसतात. पुढे हाताची ऑपरेशनं नियमित करणारा प्लास्टिक किंवा अस्थिरोग सर्जन नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबईत शोधावा लागेल. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे. तिथे ऑपरेशन, स्प्लिंट आणि थेरपी एका छताखाली पाहता येतं. नंदुरबारकरांना रेल्वेने सुरत जवळ, पण महाराष्ट्राची योजना तिथे चालते का हे निघण्याआधी विचारून घ्या.

सर्जनला विचारा: मागच्या वर्षभरात असे किती हात केले? तुमच्याकडे हाताचा थेरपिस्ट कोण? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिल्याचं उत्तर कितीही मोठं असलं तरी विचार करा.

सोबतची फाइल:

- लकव्याच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, सीटी किंवा एमआरआयच्या फिल्म, नुसता रिपोर्ट नाही
- कोपर आणि मनगटाचे ताजे एक्स-रे
- चालू गोळ्यांची यादी, मात्रेसह. शक्य तर पाकिटंच न्या
- दोन मिनिटांचा व्हिडिओ: चालताना, सदरा घालताना, वस्तू धरायचा प्रयत्न करताना
- आधीच्या बोट्युलिनम इंजेक्शनांच्या तारखा आणि मात्रा
- आधार, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड; धर्मादाय रुग्णालयात सवलत हवी असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र)

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. त्याला "हाताचं ऑपरेशन" असं सांगू नका. सर्जनकडून ऑपरेशनचं नेमकं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ते यादीतल्या कोणत्या पॅकेजात बसतं, मंजुरी भरतीआधी मिळते का, हे विचारा. मंजुरीआधी भरलेले पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. यूडीआयडीसाठी अर्ज ऑनलाइन, तपासणी शासकीय रुग्णालयात. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लागतं. एसटीची सवलत त्यावरच मिळते, रेल्वेच्या सवलतीचे नियम वेगळे आहेत, आणि थेरपीच्या फेऱ्या पाहता हा कागद ऑपरेशनआधीच हातात असावा.

तारीख ठरवताना ऋतू बघा. जळगाव-भुसावळचा मे महिना प्लास्टरसाठी वाईट. आत घाम साचतो, खाज सुटते, कातडी भिजून सोलते. निवड तुमच्या हातात असेल तर दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ घ्या. घरात केळीची किंवा कापसाची कामं असतील तर त्या काळात थेरपीला सोबत कोण जाणार, तेही आत्ताच ठरवा.

## ८. भरतीआधी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन किंवा तत्सम, स्वतःच्या मनाने बंद करू नका; पुन्हा लकवा येऊ शकतो. कधी थांबवायच्या, थांबवायच्या की नाही, हे मेंदूतज्ज्ञ किंवा फिजिशियन आणि सर्जन मिळून ठरवतात. फिटच्या गोळ्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळीही घोटभर पाण्याबरोबर द्यायच्या असतात. भुलीच्या डॉक्टरांकडून खात्री करा. बॅक्लोफेनची गोळी एकदम तोडली तर फिट, भास, जोरदार आखडणं होऊ शकतं. "उपाशी ठेवायचंय" म्हणून वॉर्डात ती दोन-दोन वेळा चुकते, तेव्हा तुम्हीच आठवण करा.

तळव्यात बुरशी, चीर किंवा नखाची जखम असेल तर ती आधी बरी करा. कोमट पाण्यात हात दहा मिनिटं ठेवा, वर सांगितलेल्या क्रमाने उघडा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, आत मऊ सुती कापडाची गुंडाळी ठेवा. ओला तळवा घेऊन गेलात तर तारीख पुढे ढकलली जाते.

## ९. ऑपरेशननंतरचे दिवस

पहिले ४८ तास हात छातीपेक्षा उंच. दर दोन-तीन तासांनी बोटांची टोकं बघा. गुलाबी, उबदार आणि नख दाबून सोडल्यावर लगेच रंग परतत असेल तर ठीक. बोटं निळी-पांढरी, गार पडली, किंवा गोळी देऊनही वेदना वाढतच गेली, बोट जरा ताणलं की माणूस ओरडतो, तर प्लास्टर घट्ट झालंय. सकाळची वाट पाहू नका. मुंबईला फोन करत बसण्यापेक्षा जवळच्या सिव्हिलमध्ये जाऊन प्लास्टर कापून घ्या. लकव्याच्या रुग्णाला हात बधिर असेल तर वेदना सांगता येत नाही, म्हणून तिथे डोळ्यांवरच भिस्त.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी. मज्जातंतूच्या ऑपरेशनात पट्टी निघताच हालचाल सुरू. कंडरा लांबवली असेल तर तीन-चार आठवडे प्लास्टर किंवा स्प्लिंट. कंडरा दुसरीकडे जोडली असेल तर चार ते सहा आठवडे काहीही ओढायचं नाही. या काळात कौतुकाने पाहुण्यांसमोर "जरा हात हलवून दाखव" म्हणणारे लांब ठेवा, टाका तुटतो. मनगट पक्कं केलं असेल तर हाड जुळायला सहा-आठ आठवडे किंवा थोडे जास्त.

प्लास्टर निघाल्यावर खरं काम सुरू होतं. जोडलेल्या कंडरेला नवं काम शिकवावं लागतं: कालपर्यंत मनगट वाकवणारा स्नायू आता ते उचलणार आहे. थेरपिस्ट आधी जुनी हालचाल करायला सांगून मनगट वर येतंय का पाहतो, मग वस्तू देतो. स्पंज, मऊ चेंडू, पेला, नंतर वजन असलेली बाटली. सुरुवातीचे सहा आठवडे आठवड्यातून दोन-तीनदा थेरपी, घरी दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं. रोज यावल किंवा शिरपूरहून जाणं-येणं जमणार नसेल, तर मोठ्या शहरातल्या थेरपिस्टकडून व्यायामाचा व्हिडिओ आणि लेखी तक्ता घ्या, तालुक्याच्या फिजिओशी त्यांचं फोनवर बोलणं करून द्या. ही जोडणी ऑपरेशनच्या तारखेआधी करायची असते, नंतर नाही.

रात्रीचा स्प्लिंट सहा महिने तरी लागतो. सगळ्यात आधी कंटाळा त्याचाच येतो आणि हात परत आखडतो तो त्यामुळेच. मुलांना तर वाढ थांबेपर्यंत. हाड वाढतं, ताठ स्नायू तेवढ्या वेगाने वाढत नाही, म्हणून दहाव्या वर्षी छान झालेला हात चौदाव्या वर्षी पुन्हा वाकू शकतो. दर सहा महिन्यांनी स्प्लिंट तपासून घ्या. तो घट्ट झाला, वळ पंधरा-वीस मिनिटांत जात नाही, तर बदला.

स्प्लिंटचं प्लास्टिक गरम पाण्यात साधारण ६०-७० अंशांना मऊ होऊन हाताच्या आकारावर बसवलेलं असतं. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खिडकीत, बंद गाडीच्या काचेशी किंवा उन्हात उभ्या मोटारसायकलच्या टाकीवर ठेवलं तर ते वितळल्यासारखं वाकतं, आणि वाकलेलं लावलं तर हातही तसाच वाकवतं. धुताना साधं पाणी आणि साबण, वाळवायला सावली. वेल्क्रोचे पट्टे तीन-चार महिन्यांत सैल होतात. ते कुठलाही चपला शिवणारा बदलून देतो, त्यासाठी शहरात जायची गरज नाही.